पीसीवरचा शूटर कन्सोलवर न्यायला इतकी वर्षं का लागतात?

२ ऑगस्ट २०२४ ला व्हॅलोरंट हा शूटर, म्हणजे गोळीबाराचा गेम, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स, सिरीज एस या टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर रीतसर आला आणि तेव्हापासून लोक मला फिरून फिरून दोनच प्रश्न विचारतात. एक, पीसीवर हा गेम २ जून २०२० पासून आहे तर मधली चार वर्षं ही मंडळी नक्की करत काय होती. आणि दोन, आता आलाच आहे तर मी टीव्हीसमोर बसून माझ्या पीसीवाल्या मित्राबरोबर का खेळू शकत नाही. माझा धाकटा भाऊ तर छातीठोकपणे म्हणतो की गेम तयारच होता, नुसतं फाईल मेनूत जाऊन "सेव्ह ॲज कन्सोल" करायचं होतं, कंपनीवाले आळशी आहेत.

आळशी असतीलही, मला काय माहीत. पण चार वर्षं त्यात गेलेली नाहीत. एका प्रकारच्या मशीनवरचा गेम दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर चालेल असा करणं याला पोर्ट करणं म्हणतात आणि आपल्याला वाटतं की पोर्ट म्हणजे मशीनचा प्रॉब्लेम, ग्राफिक्स झेपतील का, रॅम पुरेल का वगैरे. मशीनचा भाग आजकाल त्यातल्या त्यात सोपा झालाय. अवघड आहे तो माणसाचा हात. माऊस धरलेल्या हातासाठी बनवलेला गेम अंगठ्याच्या हवाली करायचा म्हटलं की बंदुकीपासून नकाशापर्यंत सगळं पुन्हा तपासावं लागतं.

ज्यांनी गेम बघितलाच नाही त्यांच्यासाठी एका दमात सांगतो. पाच विरुद्ध पाच. एक टीम स्पाइक नावाचा बॉम्ब ठेवायला बघते, दुसरी अडवते. राउंडमध्ये मेलात की मेलात, पुढच्या राउंडपर्यंत गप बघत बसायचं, आधी १३ राउंड जिंकेल तो जिंकला. प्रत्येक खेळाडूकडे आपापल्या करामती असतात, कुणी धूर सोडतं, कुणी भिंत उभी करतं, पण शेवटी सगळं येऊन अडतं ते समोरच्याच्या डोक्यावर आधी कुणाचा नेम बसतो यावर. हे लक्षात ठेवा, पुढं सगळं यावरच आहे.

## मशीनचं म्हणाल तर

पूर्वी हेच खरं दुखणं होतं. प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० च्या काळात कन्सोलचे प्रोसेसर पीसीच्या प्रोसेसरपेक्षा वेगळ्याच घराण्यातले होते, प्लेस्टेशन ३ चा सेल प्रोसेसर तर इतका तऱ्हेवाईक होता की त्याच्यासाठी कोड लिहिणं हे स्वतंत्र कसब मानलं जायचं, आणि रॅम दोघांनाही सगळी मिळून ५१२ एमबी. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आले ते एएमडीचे, पीसीच्याच जातीचे प्रोसेसर घेऊन, आणि तिथून कन्सोल म्हणजे आतून साधारण एक बंदिस्त पीसीच झाला. वर व्हॅलोरंट बनलाय अनरिअल इंजिनवर. इंजिन म्हणजे गेमचा तयार सांगाडा, आणि हे इंजिन कन्सोलवर चालतंच. ग्राफिक्स चिपशी बोलायची भाषा प्लेस्टेशनची वेगळी, एक्सबॉक्सची वेगळी, पण ती दुभाषेगिरी बरीचशी इंजिनच करून टाकतं.

शिवाय कन्सोलचा एक मोठा फायदा आहे, सगळ्यांचं मशीन सारखं. पीसीवर हजार प्रकारचे ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हर, कुणाचा विंडोज कधीचा. इथं दोन-तीन डब्यांवर चाललं की झालं.

मग प्लेस्टेशन ४ वर का नाही दिला, त्याचे मालक कोट्यवधी आहेत, असं कुणीतरी म्हणणारच. उत्तर आहे वेळेच्या हिशोबात. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्रासाठी मशीनला मिळतात १६.७ मिलिसेकंद. १२० दाखवायची तर ८.३. तेवढ्यात सगळ्या खेळाडूंच्या हालचाली, धूर, आवाज, गोळ्या सगळं गणित उरकून चित्र काढून मोकळं व्हायचं. इकडं व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा जगाचा हिशोब करतो, याला टिक म्हणतात, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदाला एक ताजी बातमी. आता तुमचा डबा जर धापा टाकत सेकंदाला ४५ चित्रं काढत असेल तर सर्व्हर कितीही चपळ असून उपयोग काय, बातमी तुमच्या डोळ्यापर्यंत शिळी होऊनच येणार. प्लेस्टेशन ४ चा प्रोसेसर आठ कोअरचा आहे खरा पण १.६ गिगाहर्ट्झवर रांगणारा, तो २०१३ मध्येसुद्धा फार तगडा नव्हता. कथेचा गेम तीस चित्रांवरही मजेत खेळतो माणूस, पण कोपऱ्यातून डोकं बाहेर आल्यावर जिथं पाव सेकंदात निकाल लागतो तिथं नाही चालत.

## खरा घोळ अंगठ्यात आहे

आता मुख्य गोष्ट. माऊस आणि कंट्रोलरची (कन्सोलबरोबर येणारं, दोन्ही हातांत धरायचं बटणांचं यंत्र) स्टिक, म्हणजे अंगठ्याने ढकलायची छोटी दांडी, ही दोन्ही "नेम हलवायची साधनं" असली तरी ती मुळात दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि हा फरक एकदा कळला ना की बाकीचा लेख नाही वाचला तरी चालेल.

माऊस सांगतो किती. तीन सेंटीमीटर सरकवला की नेम तेवढाच सरकतो, थांबवला की थांबतो. भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवा, तसंच. हात गेला, पोचला, संपलं.

स्टिक सांगते किती वेगात. ढकलली की नेम फिरायला लागतो आणि सोडेपर्यंत फिरतच राहतो. हे नळासारखं आहे. नळ किती उघडला यावर धार किती जोरात ते ठरतं, पण बादलीत नेमकं किती पाणी पडलं ते ठरतं तुम्ही नळ कधी बंद केला त्यावर. म्हणजे माऊसवाला एकच काम करतो, हात तिथं नेतो. स्टिकवाल्याला दोन करावी लागतात, वेग निवडायचा आणि बरोबर क्षणाला थांबायचं, आणि थांबायला जरा उशीर झाला की नेम डोक्याच्या पलीकडे, मग उलट ढकला, मग पुन्हा अलीकडे.

मी स्वतः पीसीवाला. भावाच्या कन्सोलवर पहिल्यांदा बसलो तेव्हा सरावाच्या मैदानात गेलो, जिथं पुतळे उभे राहतात आणि तुम्ही डोकी उडवायची. पीसीवर हे मी जांभई देत करतो. इथं पहिल्या पुतळ्याच्या डोक्यावरून नेम सरळ पलीकडे गेला, परत आणला तर अलीकडे गेला, मी अंगठा इतका हळू हलवायला लागलो की कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं रेडिओचं जुनं स्टेशन लावतोय, आणि नेम एकदाचा डोक्यावर आला तोवर पुतळा खाली गेला होता. भाऊ शेजारी बसून शांतपणे म्हणाला, "दादा, पुतळा आहे तो. तो गोळी मारत नाहीये तुला."

यात काही गणितं दडलेली आहेत. समजा स्टिक पूर्ण ढकलल्यावर नेम सेकंदाला ३६० अंश फिरतो, म्हणजे एक पूर्ण गिरकी. मागून पावलांचा आवाज आला आणि तुम्हाला वळायचंय, म्हणजे अर्धी गिरकी, अर्धा सेकंद. व्हॅलोरंटमधली वँडल बंदूक सेकंदाला ९.७५ गोळ्या झाडते, तुमच्या त्या अर्ध्या सेकंदात समोरच्याच्या चार-पाच गोळ्या येऊन गेल्या, आणि पूर्ण चिलखत घातलेल्याला छातीवर चारच पुरतात. माऊसवाला तेच मनगटाच्या एका झटक्यात वळतो. बरं मग वेग वाढवा, सेकंदाला दोन गिरक्या करा? करा की, पण मग लांबच्या टिकलीएवढ्या डोक्यावर नेम स्थिर ठेवणार कसा, तोच अंगठा, तोच सेंटीमीटरभराचा प्रवास, आणि त्यातच सुसाट वळणंही बसवायचं आणि बारीक नेमही.

त्या सेंटीमीटरचीही पूर्ण मालकी नाही. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरची स्टिक प्रत्येक आडव्या-उभ्या दिशेची जागा ० ते २५५ या आकड्यांत कळवते, मधोमध म्हणजे साधारण १२८. आता अंगठा काढून घेतला तरी स्टिक बरोबर १२८ वर थांबेल असं नाही, कधी १२६, कधी १३१, वापरून झिजली की आणखी. ते आकडे जसेच्या तसे मानले तर तुम्ही काही न करता नेम आपोआप सरकत बसेल. म्हणून मधल्या थोड्या भागातली हालचाल गेम मुद्दाम ऐकतच नाही, याला डेडझोन म्हणतात. डेडझोन मोठा ठेवला तर बारीक नेम मरतो, छोटा ठेवला तर नेम वाहत जातो. उरलेल्या आकड्यांतही सरळ हिशोब नसतो, सुरुवातीला हळू आणि कडेला गेल्यावर एकदम जोरात अशी वक्ररेषा आखावी लागते, आणि ती कशी असावी हे कागदावर ठरत नाही, माणसं बसवून महिनोन्‌महिने खेळवून ठरवावं लागतं. दुसऱ्या बाजूला गेमिंग माऊस सेकंदाला हजार वेळा सांगतो मी कुठं आहे, आणि त्याला डेडझोन माहीतच नाही.

## "मग एम असिस्ट टाका, विषय संपवा"

एम असिस्ट म्हणजे नेम धरायला गेमनेच केलेली गुपचूप मदत. २००१ च्या हॅलो या गेमपासून कन्सोलवरच्या शूटरची ही जुनी युक्ती आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ढोबळमानाने दोन प्रकार. एकात नेम शत्रूवर आला की आपोआप जड होतो, हळू फिरतो, म्हणजे पलीकडे घसरत नाही. दुसऱ्यात शत्रू हलला की नेम त्याच्याबरोबर थोडा ओढला जातो. बहुतेकांना ही मदत मिळतेय हे कळतही नाही, बंद केली की मात्र लगेच कंट्रोलर खराब झाल्यासारखा वाटतो.

पण ही मदत कुठल्या गेममध्ये करताय याला फार महत्त्व आहे. ज्या गेममध्ये समोरच्याला मारायला दहा-पंधरा गोळ्या लागतात तिथं नेम थोडा ओढला गेला तर दोन गोळ्या जास्त लागतील, चालतंय. व्हॅलोरंटमध्ये पूर्ण चिलखतासकट माणसाचा जीव १५० गुणांचा, आणि वँडलची एक गोळी डोक्याला लागली की १६० गेले. अंतर कितीही असो. एक गोळी, राउंडमधून बाहेर. इथं गेमने नेम केसभर ओढला तर ती मदत राहिली नाही, तो निकालच लावला त्याने. आणि कुठं ओढणार? छातीकडे ओढला तर ज्याने आधीपासून डोक्याच्या उंचीवर नेम धरून ठेवला होता त्याचं कौशल्य मातीत जातं. डोक्याकडे ओढला तर मग खेळायचं तरी कशाला. धुराच्या आड माणूस उभा असेल आणि नेम तिथं जड झाला तर धुराचा फायदा काय राहिला, गेमनेच चुगली केली ना.

व्हॅलोरंटवाल्यांनी जी वाट काढली तिला नाव दिलं फोकस. डावा ट्रिगर, म्हणजे कंट्रोलरच्या मागच्या कडेचं बोटाने दाबायचं बटण, दाबून धरला की नेम फिरायचा वेग खाली येतो. बास. म्हणजे एका अंगठ्याकडून दोन कामं होत नाहीत ना, मग दोन गियर द्या. वळायचं असेल तेव्हा ट्रिगर सोडा, नेमाचं बारीक काम असेल तेव्हा दाबा. बंदुकीची ताकद तीच, गोळी जाते तिथंच जाते. मला स्वतःला ही कल्पना फार आवडली कारण यात मशीन तुमच्याऐवजी काही ठरवत नाही, फक्त तुमच्या हाताची पट्टी बदलते, मोठ्या खुणांची आणि बारीक खुणांची. मी त्या दिवशी तासाभराने पुतळे पाडायला लागलो ते फोकसमुळेच, त्याआधी भावाने मला ते बटण मुद्दाम सांगितलं नव्हतं हा भाग वेगळा.

## नेम बदलला की बाकीचं सगळं हलतं

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण व्हॅलोरंटचं नाही, ओव्हरवॉचचं आहे. हा पण टीमचाच शूटर, मे २०१६ मध्ये पीसी आणि कन्सोलवर एकदमच आला. त्यात टोर्बियॉन नावाचं एक पात्र आहे जे जमिनीवर एक स्वयंचलित बंदूक उभी करतं, ती बंदूक दिसेल त्या शत्रूवर आपोआप गोळ्या झाडते. पीसीवर त्याचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही, लांबून नेम धरून फोडून टाकायचे. कन्सोलवर बोंबाबोंब. कारण काय, तर कन्सोलवर सगळ्या माणसांचा नेम थोडा सावकाश आणि त्या मेल्या बंदुकीला अंगठाच नाही. ती पीसीवर जितकी अचूक तितकीच इथंही अचूक. सगळे लंगडत असताना एकटीच धावतेय. जुलै २०१६ मध्ये ओव्हरवॉच बनवणाऱ्या ब्लिझार्डने कन्सोलपुरती त्या बंदुकीची मारक्षमता ३० टक्क्यांनी कमी केली, पीसीवर हातही लावला नाही.

त्यावरून लक्षात येतं की "तोच गेम" दुसऱ्या हातात गेला की तोच राहत नाही. जे आपोआप चालतं ते वरचढ होतं. जे उंच उड्या मारतं, अंगावर चालून येतं, त्याच्या मागे अंगठ्याने नेम फिरवताना नाकीनऊ येतात. लांबून एका गोळीत मारणारी स्नायपर पीसीवर झटक्यात वापरता येते, कन्सोलवर ती जास्त करून एक कोपरा धरून बसायचं हत्यार होते.

मग बटणं. कीबोर्डवर शंभरेक कळा, कंट्रोलरवर मोजून दीड डझनही धड नाहीत आणि त्यातली चार अशी की ती दाबायला उजवा अंगठा स्टिकवरून उचलावा लागतो, म्हणजे उडी मारताना नेम धरायचा नाही! चार करामती, बंदूक बदलणं, गोळ्या भरणं, वाकणं, हळू चालणं, स्पाइक ठेवणं, नकाशा, खरेदी, टीमला खूण करणं, हे सगळं तिथं कोंबायचं. टीमला पटकन चार शब्द टाईप करणं तर विसराच. आणि स्क्रीन. मॉनिटर नाकासमोर असतो, टीव्ही खोलीच्या पलीकडच्या टोकाला, अक्षरं मोठी करावी लागतात, कोपऱ्यातला छोटा नकाशा तिथून वाचता आला पाहिजे, आणि टीव्ही स्वतः चित्र सुंदर करण्याच्या नादात वेळ खातो तो वेगळाच (टीव्हीत गेम मोड असतो, तो लावा, निम्म्या लोकांनी लावलेला नसतो).

## "एवढी कटकट, त्यापेक्षा कन्सोलला माऊस-कीबोर्ड लावू द्या ना"

हे करून झालंय. काउंटर-स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्ह हा वॉल्व्ह कंपनीचा शूटर २०१२ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आला तेव्हा त्यात माऊस-कीबोर्ड जोडता यायचा. पण मग काय होतं बघा, ज्या क्षणी दहातल्या दोघांकडे माऊस असतो त्या क्षणी उरलेल्या आठांसाठी गेम बिघडतो, आणि कन्सोल घेणारा बहुतेक माणूस सोफ्यावर बसून कंट्रोलरनेच खेळायला घेतो. व्हॅलोरंटने कन्सोलवर माऊसला सरळ बंदीच घातली.

तरी लोक ऐकतात होय. बाजारात छोटे अडॅप्टर मिळतात, माऊस त्यात खुपसायचा, अडॅप्टर कन्सोलला सांगतो की मी कंट्रोलरच आहे. कन्सोलला वाटतं बापडा स्टिक हलवतोय. रेनबो सिक्स सीज या शूटरमध्ये हा रोग इतका वाढला की तो बनवणाऱ्या युबीसॉफ्टने २०२३ मध्ये माऊसट्रॅप नावाचा प्रकार आणला. स्टिकची हालचाल आणि माऊसची हालचाल आकड्यांमध्ये वेगळी दिसते, अंगठा कधीच इतका सरळ झटका देऊन जागच्या जागी थांबत नाही. ते ओळखलं की गेम त्या खेळाडूला हाकलत नाही, त्याच्या प्रत्येक हालचालीत हळूहळू उशीर घुसवत जातो. माऊस आहे पण चिखलात चालल्यासारखा. मला हे वाचून इतका आनंद झाला होता की काय सांगू.

पीसीवर गेममधली लबाडी पकडायला व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड नावाचं सॉफ्टवेअर विंडोजच्या पार मुळाशी जाऊन बसतं आणि त्यावरून लोकांची कायम भांडणं चालू असतात. कन्सोल मुळातच कुलूपबंद, तिथं बाहेरचा प्रोग्राम चालवणं महाकठीण, त्यामुळे तो त्रास कमी आणि लक्ष सगळं या अडॅप्टरवर.

## "फोर्टनाइटला जमतं, यांनाच का नाही?"

म्हणजे क्रॉसप्ले. वेगवेगळ्या मशीनवरचे लोक एकाच सामन्यात. तांत्रिकदृष्ट्या यात काही चमत्कार राहिलेला नाही, ड्रीमकास्ट कन्सोलवरचा क्वेक ३ पीसीवाल्यांशी खेळता यायचा, वर्ष २०००. सोनी बराच काळ अडून बसली होती, तिनेही सप्टेंबर २०१८ मध्ये फोर्टनाइटसाठी दार उघडलं.

पण फोर्टनाइटमध्ये शंभर जण एका बेटावर, कोण कुठं उतरला, कुणाला काय सापडलं, कुणी किती भिंती बांधल्या, नशीब आणि डावपेच इतके मिसळलेले असतात की माऊस की स्टिक हा फरक त्यात बराचसा विरघळतो, आणि कंट्रोलरवाल्याला भरघोस एम असिस्टही असतो. त्यावरूनसुद्धा रोज मारामाऱ्या होतातच, अर्धे म्हणतात माऊसवाल्यांना फायदा, अर्धे म्हणतात एम असिस्टवाल्यांना. ओव्हरवॉचने २०२१ मध्ये क्रॉसप्ले आणलं ते अटी घालून, पीसीवाल्यांच्यात जायचं तर सुरुवातीला एम असिस्ट बंद, आणि रँकवाले सामने वेगळे ते वेगळेच.

व्हॅलोरंटने यातलं काहीच केलं नाही. प्लेस्टेशनवाले आणि एक्सबॉक्सवाले एकत्र खेळतात, पीसीवाले वेगळे, मध्ये भिंत. मित्राबरोबर खेळता येत नाही हे दुःख मला मान्य आहे, माझं स्वतःचंच आहे, भाऊ शेजारच्या खोलीत आणि आम्ही एका टीममध्ये नाही. तरी मला हा निर्णय बरोबर वाटतो. भिंत काढली असती तर दोनच गोष्टी झाल्या असत्या, एकतर कंट्रोलरवाले रोज मार खाऊन महिन्याभरात सोडून गेले असते, नाहीतर त्यांना टिकवायला इतकी मदत द्यावी लागली असती की पीसीवाल्यांनी ओरडून घर डोक्यावर घेतलं असतं. याची किंमत आहेच. खेळाडू वाटले गेले की सामना जुळायला वेळ लागतो, रात्री उशिरा तर जास्तच, आणि कुठल्याही भागात कन्सोलवरची गर्दी आटली तर बाजूच्या पीसीवाल्यांकडून माणसं उसनी आणायची सोय नाही.

## घरमालकाला विचारल्याशिवाय खिळा ठोकायचा नाही

पीसी हे स्वतःचं घर. गेममध्ये काही फुटलं तर कंपनी दुपारी दुरुस्त करून संध्याकाळी अपडेट सोडते. कन्सोल म्हणजे भाड्याची जागा. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट आपापली नियमांची यादी देतात आणि गेम त्यात बसतो का ते तपासतात, याला सर्टिफिकेशन म्हणतात. त्यात गेम चांगला आहे का हे कुणी बघत नाही. कंट्रोलरची बॅटरी मधेच मेली तर गेम नीट सांगतो का, की पात्र भिंतीवर डोकं आपटत पळतच राहतं? कन्सोल झोपवून दोन तासांनी उठवला तर गेम शुद्धीवर येतो का? नेटची वायर ओढली तर? दुसऱ्याच अकाउंटने लॉगिन केलं तर? ज्याला तुम्ही ब्लॉक केलंय तो गेममध्ये बोलू शकतो का? एकेक प्रश्न किरकोळ वाटतो पण पीसीसाठी लिहिलेल्या गेममध्ये यातल्या निम्म्या गोष्टींचा विचारच केलेला नसतो, कारण कीबोर्डची बॅटरी मरेल हे कुणाच्या डोक्यात येणार.

याकडे दुर्लक्ष केलं की काय होतं याचा नमुना म्हणजे वॉल्व्हचाच टीम फोर्ट्रेस २ हा शूटर. ऑक्टोबर २००७ मध्ये पीसी आणि एक्सबॉक्स ३६० वर आला, डिसेंबरात प्लेस्टेशन ३ वर. पीसीवर त्याला वर्षानुवर्षं अपडेट मिळत गेले, नवी हत्यारं, नवे नकाशे, नंतर पात्रांना घालायच्या त्या प्रसिद्ध टोप्या, २०११ मध्ये तो फुकटही झाला. कन्सोलवरचा मात्र २००७ मध्ये जिथं होता जवळपास तिथंच गोठून राहिला. त्या काळी एक्सबॉक्स ३६० वर सारखे सारखे पॅच, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट, द्यायचे तर मायक्रोसॉफ्ट त्याची फी घ्यायची, ती २०१३ मध्ये बंद झाली, आणि दर आठवड्याला काहीतरी बदलायची सवय असलेल्या वॉल्व्हचं आणि या पद्धतीचं जमणं शक्यच नव्हतं. पुढं काउंटर-स्ट्राइकच्या वेळी त्यांनी पीसी आणि प्लेस्टेशन ३ मधलं क्रॉसप्ले आधी जाहीर केलं आणि मग लाँचच्या आधीच काढून टाकलं, याच कारणासाठी, पीसीवर हवं तेव्हा अपडेट देता यावा म्हणून. कन्सोलवरचा काउंटर-स्ट्राइक पण मग तसाच मागे पडला. आणि २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ आणला तेव्हा कन्सोलच्या वाटेला ते गेलेच नाहीत.

व्हॅलोरंटने पहिल्याच दिवशी शब्द दिला की पीसी आणि कन्सोलला एकाच वेळी तेच अपडेट मिळतील. ऐकायला साधं, करायला भयंकर. म्हणजे आता पीसीवाल्यांचं कामही घरमालकाच्या तारखा बघून आधी संपवायचं. यावर ऑनलाइन गेमवाल्यांची एक जुनी शक्कल असते, नवी गोष्ट आधीच अपडेटमध्ये घालून पाठवायची पण बटण बंद ठेवून, आणि सगळीकडे पोचली की सर्व्हरवरून बटण चालू करायचं. काही बिघडलंच तर पुन्हा बंद. वायरिंग आधी करून ठेवायचं, दिवा नंतर लावायचा.

## "शेवटी पैशासाठीच ना सगळं"

हो. गेम फुकट आहे, कमाई बंदुकांच्या रंगरंगोटीवर, जितके जास्त हात तितकी जास्त रंगरंगोटी. यात लपवण्यासारखं काय आहे. पण नुसते पैसे काढायचे असते तर एम असिस्ट सढळ हाताने ओतून, सगळ्यांना एका हौदात टाकून दोन वर्षं आधीच आणला असता. जून २०२४ मध्ये बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, आला तोही आधी अमेरिका, कॅनडा, युरोप आणि जपान एवढ्यांनाच, आणि मग ऑगस्टमध्ये रीतसर.

अकाउंट मात्र दोन्हीकडे एकच चालतं. त्या दिवशी भावाच्या कन्सोलवर मी माझ्या नावाने आत गेलो तर पीसीवर घेतलेली सुरी हातात, सगळ्या बंदुका माझ्याच रंगातल्या, लॉबीतल्या लोकांना वाटलं असणार कुणीतरी मोठा माणूस आला. रँक तेवढी आली नव्हती. ती कन्सोलवर वेगळी मोजतात. पहिल्या सामन्यात मी पाच वेळा मेलो त्यातले तीन वेळा पाठीत गोळी लागून, वळतच होतो मी, वळून झालं नव्हतं.